चटईआडची झडती

माझे लग्न होऊन मी बोर्ली पंचतनहून दिघीला आले, तेव्हा आमच्या बंदरावर कोणाचेही गाठोडे कुठेही पडलेले असे आणि त्याची कोणाला फिकीर नसे. माझे यजमान आगबोटीच्या कंपनीचे तिथले कारकून. तिकिटे फाडायची, मालाच्या पावत्या करायच्या, आणि बोट खाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली की उतारूंना पडावात बसवून तिच्याकडे रवाना करायचे, हे त्यांचे काम. आमचे बिऱ्हाड धक्क्याला लागूनच होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोटीचा धूर दिसला की मी चुलीतली लाकडे बाहेर ओढून घेई. हे आता जेवायला येत नाहीत, हे ठरलेलेच असे.

त्या काळी सगळा किनारा एकमेकांच्या हाताने चालायचा. मुंबईला निघालेल्या माणसाला अर्धे गाव निरोप द्यायला येई ते काही प्रेमापोटी नव्हे. कोणाचा भाऊ गिरणगावात, कोणाचा मुलगा गोदीत. त्याला सुपारी पाठवायची, त्याला सुके बोंबील पाठवायचे, त्याच्या बायकोला बाळंतपणासाठी डिंक पाठवायचा. जाणारा माणूस आपले एक बोचके आणि लोकांची पाच घेऊन जाई. आत काय आहे, हे विचारणे वाईट दिसायचे.

सन तीसच्या पुढची ती दोन-तीन वर्षे. बोटीने येणाऱ्या वर्तमानपत्रांत बाँबच्या बातम्या येऊ लागल्या. कुठे कचेरीत फुटला, कुठे रेल्वेच्या डब्यात सापडला. आमच्याकडे संध्याकाळी धक्क्यावर पेपर मोठ्याने वाचला जाई. ऐकणाऱ्यांत दोन तट असत. एकाला त्या जिवावर उदार झालेल्या पोरांचे कौतुक, दुसरा म्हणायचा, साहेबाला मारायला निघालेत, पण मधे हमालच मरायचा. वाद रंगायचा आणि मग सगळे घरी जाऊन जेवायचे. आमचा मुलूख संस्थानी. बाँब म्हणजे इंग्रजी हद्दीतली भानगड, अशीच आमची समजूत होती.

ती समजूत एका सकाळी गेली. आमच्याच किनाऱ्यावर धावणाऱ्या एका बोटीच्या डेकवर कोणी तरी ठेवून गेलेले एक बेवारशी बोचके फुटले. कोणी ठेवले, कोणासाठी ठेवले, ते शेवटपर्यंत कळले नाही. माणूस मेला नाही हे नशीब. पण ते बोचके वाटेतून बाजूला सरकवायला वाकलेला खलाशी आमच्या दिघीचा होता. आमच्या मागल्या दारी राहायचा. मुंबईच्या इस्पितळातून तो घरी आला तेव्हा त्याचा डावा कान गेलेला होता आणि उजव्या हाताची दोन बोटे नव्हती. पडावातून उतरताना त्याने सवयीने दोराला हात घातला, पण दोर हातातून निसटला. धक्क्यावर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने खाली पाहिले. ती मासळी वाळवण्याचे काम करायची, बोलायला फटकळ. त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी तिच्या शेजारीच उभी होते. आपल्या घराच्या भिंतीपलीकडे आता ही भानगड येऊन बसली, हे मला त्या वेळी कळले.

त्यानंतर काही दिवस बंदर ओळखू येईना. मुंबईला जाणारे लोक बोट टाळून पायवाटांचे हिशेब करू लागले. यजमान रिकामी तिकिटे समोर ठेवून बसत. धक्क्यावर कोणाची नुसती टोपली दिसली तरी माणसे लांबून वळसा घालीत. एकदा एका म्हाताऱ्याची छत्री बाकावर राहिली, तर तिच्याजवळ कोणी जाईना. शेवटी एका गाईने ती शिंगाने खाली पाडली. मी यजमानांना म्हटले, "ही नोकरी सोडू या. बोर्लीला माझ्या भावाचे दुकान आहे, तिथे बसा."

ते म्हणाले, "आणि बोटीत लोकांना कोण चढवणार?"

"कोणीही चढवील."

"तो कोणीही मीच आहे ना," ते म्हणाले, आणि कंदिलाची काच पुसत राहिले. माझे पती फार बोलणारे नव्हते.

मग हुकूम आला. प्रत्येक उतारूचे सामान उघडून पाहायचे. पडावात बेवारशी वस्तू चढवायची नाही. दुसऱ्याचे पार्सल न्यायचे नाही. झाळून, म्हणजे कथलाचा डाग देऊन, बंद केलेला डबा तर मुळीच न्यायचा नाही. धक्क्यावर संस्थानचा एक हवालदार झडतीला बसला. माणूस चांगला, मिशा मोठ्या, पण स्वभावाने लाजाळू. पुरुषांच्या ट्रंका त्याने धडाधड उघडल्या. पहिली बायको पुढे आली, तिने पदर खोचून त्याच्याकडे नुसते पाहिले, आणि हवालदार यजमानांना म्हणाला, "कारकूनसाहेब, हे काम आपल्याच्याने व्हायचे नाही."

त्यावर दोघांनी मिळून काढलेली तोड म्हणजे मी. मी चौथी शिकलेले, बंदराशेजारी राहणारी, वर कारकुनाची बायको. पण मुसलमान घरातल्या बायका माझ्यापुढे बुरखा काढतील का, आणि त्यांच्या सामानाला मी हात लावलेला चालेल का, हा प्रश्न राहिला. म्हणून दुसरी बाई नेमली ती खाला.

खाला गावातल्या जुन्या व्यापारी घरातल्या. त्यांच्या सासऱ्यांची गलबते एके काळी आफ्रिकेपर्यंत जायची. आता गलबते नव्हती, पण खालांची चाल अजून गलबताच्या मालकिणीची होती. सगळे गाव त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, मीही म्हणू लागले. मालाच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात चटया टांगून आडोसा केला. आत एक बाक, एक पाण्याची कळशी आणि आम्ही दोघी.

पहिल्या दिवशी पहिली ट्रंक समोर आली तेव्हा माझा हात कडीवर थांबला. खलाशाचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. खालांनी ते पाहिले. त्या म्हणाल्या, "बाय, तू उघड आणि मी हात घालते. दुसरी ट्रंक मी उघडीन, तू हात घाल. म्हंजे निम्मी भीती तुझी, निम्मी माझी." मी कडी काढली. आत एक नऊवारी लुगडे, दोन चोळ्या, तान्ह्या मुलाची अंगडी आणि सुपारीची पुरचुंडी होती. आम्ही दोघी इतक्या मोठ्याने हसलो की बाहेर हवालदार उठून उभा राहिला.

हळूहळू लोकांनी त्या झडतीची सवय करून घेतली. आधी कुरकुर झाली, मग युक्त्या निघाल्या. ट्रंकांना कुलूप लावणे बंद झाले. गाठोड्यांना ओढली की सुटेल अशी गाठ मारायची पद्धत पडली, आणि ती मारता न येणाऱ्या सुनेला सासू बोल लावू लागली. आपले सामान आपल्याला ओळखू यावे म्हणून लोकांनी बोचक्यांना लुगड्याच्या काठाच्या चिंध्या बांधल्या. धक्क्यावरून पाहिले की जत्रेसारखे रंग दिसायचे. दुसऱ्याचे पार्सल नेण्याला बंदी होती तरी ते थांबणे शक्यच नव्हते. म्हणून देणारा आणि नेणारा असे दोघे आमच्यासमोर बसत, देणारा एकेक वस्तू दाखवी आणि नेणाऱ्यानेच ते बांधायचे. त्यामुळे कोणी कोणाला किती लाडू पाठवले ते सगळ्या गावाला कळू लागले. एका बाईने धाकट्या मुलाला थोरल्यापेक्षा जास्त पाठवले, तर थोरल्याच्या बायकोने आमच्याच बाकावर बसून भांडण काढले.

खलाशाच्या बायकोचा आवाजही परत आला होता. ती टोपली घेऊन आली की चटई बाजूला सारायचीच नाही, बाहेरूनच ओरडायची, "बघा गो, बोंबील हाय, बाँब न्हाय!" आम्ही आत बोलवायचो, तर म्हणायची, "वास घ्या, वासानंच कळंल." एक-दोन आठवड्यांत धक्क्यावरची सगळी मासळीवाली मंडळी हेच म्हणू लागली. हवालदार हसू दाबायचा आणि मिशी थरथरायची. तिच्याच नवऱ्याला बाँब लागलेला, त्यामुळे ती बोलली की सगळ्यांना हसण्याची मुभा मिळायची. पण तिचा नवरा मात्र हसत नसे. तो रोज धक्क्यावर येई, पडाव वल्हवायला मदत करी, पण कोणाच्या सामानाला हात लावीत नसे. गाठोडे पुढे आले की तो हात मागे घ्यायचा आणि समुद्राकडे पाहायचा.

आम्हा दोघींना त्या आडोशामागे खूप काही कळले. खालांना कळले की आमच्याकडच्या विधवा बाईच्या बोचक्यात शिधा, सोवळे आणि देव असे वेगवेगळ्या फडक्यांत असतात आणि कोणत्याला कोणी हात लावायचा. मला कळले की बुरख्याखाली आमच्यापेक्षा भडक रंग असतात, आणि मुंबईला नांदायला जाणारी नवरी मग ती कोणत्याही घरची असो, ट्रंकेच्या तळाशी आईची एखादी जुनी वस्तू लपवतेच. ती वर यायला लागली की खाला माझा हात दाबायच्या. मग आम्ही ती पाहिलीच नाही असे करून वरचे कपडे नीट लावून द्यायचो.

त्या हंगामाच्या शेवटाला, आंबे उतरायला लागले होते तेव्हा, एक गोष्ट घडली. बोर्लीहून बैलगाडीने एक मुसलमान बाई आली. वय तिशीचे, बरोबर कोणी नाही, डोळे रडून लाल झालेले. तिच्या मांडीवर एक पत्र्याचा चौकोनी डबा होता, चहूबाजूंनी कथलाने झाळलेला. चटईआड आल्यावर तिने बुरखा वर केला आणि डबा छातीशी धरला.

"यात काय आहे?" मी विचारले.

"आबे-जमजम," ती म्हणाली. "मक्केच्या विहिरीचे पाणी. अब्बांनी हजहून आणलेले. आपल्या अखेरच्या वेळेसाठी ठेवलेले. ते मुंबईला भावाकडे आजारी पडले आणि डबा राहिला बोर्लीत. काल तार आली. ते तेच मागताहेत."

मला दुसरे काही सांगावे लागले नाही. माझ्या माहेरी देवघराच्या फळीवर गंगाजळाचा तांब्याचा गडू होता, असाच झाळून बंद केलेला. माझ्या आजोबांच्या अखेरच्या वेळी तो फोडला तेव्हा सगळे घर त्यांच्या उशाशी बसले होते.

मी बाहेर जाऊन हवालदाराला सांगितले. त्याचा चेहरा पडला. "वहिनी, झाळलेला डबा न्यायचा नाही, असा स्पष्ट हुकूम आहे. फोडून दाखवा, मग जाऊ दे."

"फोडला तर पाणी मुंबईपर्यंत कसे राहील? आणि त्यांनी बंद केलेले ते, त्यांच्यासमोरच उघडायला नको का?"

"मला पटते. पण बोटीवरचा कप्तान घ्यायचा नाही. मागच्या खेपेला त्याने लोणच्याची बरणी परत पाठवली."

बोट तोवर खाडीच्या तोंडाशी आली होती. तिने भोंगा दिला. मी आत आले तर ती बाई भोंगा ऐकून उठून उभी राहिली होती. खालांनी डबा तिच्या हातातून घेतला, कानाशी धरून हलवला, मग माझ्या कानाशी धरला. आत पाणी खळखळले. पण पाणी कसले, ते डब्यावर कुठे लिहिले होते? खरे सांगते, क्षणभर मलाही शंका आली. ही बाई आम्हाला अनोळखी होती, डोळ्यांतले पाणी सोडले तर तिच्याजवळ दुसरा पुरावा नव्हता. तसल्या दिवसांची वाईट गोष्ट हीच होती. रडणाऱ्या माणसाकडेही आधी संशयाने पाहायची सवय लागते.

खालांना ती सवय लागली नव्हती, की लागून त्यांनी ती झटकली, कोण जाणे. त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि चटई बाजूला सारून त्या सरळ हवालदारापुढे उभ्या राहिल्या.

"डब्याला जामीन चालंल का?"

"म्हणजे?" हवालदार म्हणाला.

"मी जाते बोटीवर. मुंबईपावत डबा माझ्या मांडीवर राहील. फुटला तर पयली मी जाईन. कप्तानाला सांग, डब्याबरोबर दिघीची एक म्हातारी पाठवतोय."

"खाला, तुमचे सामान?" मी विचारले.

"सामान न्हाय, म्हंजे झडती न्हाय," खाला म्हणाल्या.

यजमान तिकिटांच्या टेबलापासून उठून आले. त्यांनी हवालदाराकडे पाहिले, हवालदाराने त्यांच्याकडे. मग हवालदार म्हणाला, "कारकूनसाहेब, चिठ्ठीवर आपण दोघे सही करू." त्यांनी तिथल्या तिथे कप्तानाला चार ओळी लिहिल्या.

पण पडावापाशी अडलेच. उतारू आत बसले होते. डब्याची गोष्ट कळताच निम्मे उठून उभे राहिले आणि पडाव डोलू लागला. हमालांनी हात पाठीमागे बांधले. खाला एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने बुरखा सावरत पायरीवर उभ्या. ओहोटी लागली होती, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि वयाच्या मानाने त्यांना ते जमणे शक्य नव्हते.

तेव्हा पडावातून खलाशी उठला. तो वल्हे टाकून पायरीवर आला आणि खालांपुढे दोन्ही हात धरून म्हणाला, "आना इकडं, खाला."

त्याची बायको वरून ओरडली, "अवो, काय करताव? न्हाय न्हाय, तुमी नका!"

त्याचा चांगला कान तिच्याकडेच होता, त्याने ऐकले असणार. तरी त्याने तिकडे पाहिले नाही. उरलेल्या तीन बोटांनी त्याने डब्याची कड पकडली. त्याने तो तान्ह्या मुलासारखा कोपरात घेतला, खालांना दुसऱ्या हाताने उतरवून घेतले, त्या बाईला उतरवले, आणि मगच डबा खालांच्या मांडीवर ठेवला. मग पडावातल्या लोकांकडे वळून म्हणाला, "बसा आता खाली. पडाव उलटला तर बाँबाची गरज न्हाय."

कोणी तरी हसले. मग सगळेच बसले. त्याची बायको पदराने डोळे पुसत होती आणि त्याच दमात त्याला शिव्याही देत होती.

कप्तानाने चिठ्ठी वाचली आणि वरून वाकून खालांकडे बराच वेळ पाहिले, असे खलाशाने परत आल्यावर सांगितले. शेवटी त्याने डेकच्या टोकाला एक खुर्ची टाकायला लावली आणि त्या दोघींना तिथे बसवले. आम्ही धक्क्यावरून बोट दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो. त्या रात्री मी जेवले नाही. यजमान म्हणाले, "पाणीच होते ते." मी म्हटले, "हो." पण पुढची बोट येईपर्यंत माझे लक्ष लागले नाही. चटईआड एकटीने ट्रंका उघडताना निम्मी भीती कोणाला द्यायची हे कळेना.

पुढच्या बोटीने खाला आल्या. पडावात त्या मधोमध बसल्या होत्या आणि हातात एक बोचके होते. धक्क्यावर पाऊल ठेवल्यावर त्या थेट चटईआड आल्या आणि बोचके माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "उघड. हुकूम तो हुकूम."

"आधी सांगा, वेळेत पोचलात का?"

"पोचलो. डबा त्यांच्यासमोर फोडला. लेकीने चमचाभर पाजले. डोळे मिटून पडले, आम्ही सगळ्यांनी कलमा वाचायला घेतला. आणि म्हातारबा डोळे उघडून काय म्हणाले, ठाव हाय? म्हणाले, 'भूक लागली.'"

"म्हणजे?"

"म्हंजे पेज पिऊन बसलेत उठून! आता सगळ्यांची पंचाईत. पाणी अखेरच्या वेळेसाठी होते, ते आधीच संपवले." खाला हसता हसता बाकावर बसल्या. "मलाही एक घोट दिला त्यांनी. म्हणाले, तुमच्या मांडीवर बसून आले, तुमचा हक्क."

तो म्हातारा त्यानंतर चांगली काही वर्षे जगला. लेकीने दर उन्हाळ्यात खालांकडे आंब्याची करंडी पाठवली, अर्थात आमच्यासमोर उघडून, प्रत्येक आंबा दाखवून.

बोचक्यात काचेच्या बांगड्या होत्या. खालांनी मुंबईच्या बाजारातून आमच्या बंदरावरच्या बायकांसाठी आणलेल्या. खलाशाच्या बायकोसाठी हिरव्या, माझ्यासाठी लाल. हवालदाराच्या बायकोसाठीही होत्या. ती कुठे राहते, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते, ते त्याला पहिल्यांदाच विचारले गेले. ती हरिहरेश्वरला होती. माणूस लाजला आणि दुसऱ्याच आठवड्यात रजा काढून तिच्याकडे गेला.

खलाशी त्या दिवसापासून सामान उचलू लागला. बोटीवरच्या नोकरीवर मात्र तो परत गेला नाही. बायकोने त्याला जाऊ दिले नाही, आणि त्यालाही फार ओढ राहिली नव्हती. तो खाडी ओलांडणाऱ्या आगरदांड्याच्या तरीवर लागला. तिथे पलीकडचा काठ नजरेसमोर असतो, असे तो म्हणायचा. लोक त्याच्या हाताकडे पाहायचे तर तो हात पुढे करून बोटे मोजायला सांगायचा.

झडती पुढे दोन हंगाम चालली. मधे कुठे काही घडले की ती कडक व्हायची, लोक पुन्हा गप्प व्हायचे, मग हळूहळू हसू यायचे. भीती गेली असे नाही. ती घरातल्या एखाद्या तापट माणसासारखी झाली. त्याच्या वेळा सांभाळायच्या, त्याच्यासमोर जपून वागायचे आणि आपली कामे उरकायची. अखेर हुकूम मागे घेतला गेला. चटया काढायच्या म्हणून यजमान शिडी घेऊन आले, तर आत बायका बसलेल्या. बोटीची वाट पाहताना उन्हातून, पुरुषांच्या नजरेतून सुटून बसायला त्यांना ती जागा सोयीची झाली होती. खाला म्हणाल्या, "कारकूनसाहेब, बाँब गेला म्हणून सावली का नेता?" यजमानांनी शिडी भिंतीला टेकवून ठेवली आणि कंपनीला काही कळवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सहज तिकडे गेले. श्रीवर्धनची एक बाई लेकीच्या डोहाळजेवणाला मुंबईला निघाली होती. तिला माहीत होते की आता कोणी काही पाहणार नाही. तरी मी दिसताच तिने गाठ ओढली, बोचके सोडले आणि लेकीसाठी घेतलेले हिरवे लुगडे माझ्या मांडीवर पसरून म्हणाली, "काठ बघा तरी. जड झाला का हो?"

मी काठ बोटांत धरून पाहिला. खाला पलीकडून सरकून आल्या आणि त्यांनी दुसरे टोक धरले.